आण्णांच्या खपलीचा डबा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. जन्मलो तेलासाठी. तेल संपलं आणि उल्हासनगरच्या बाजारात मुकेशशेठच्या दुकानात येऊन पडलो. त्यांनी माझं तोंड कापलं, कडा ठोकून आत वळवल्या, वर झाकण आणि कडी बसवली. "ले जाओ आण्णा, उंदीर सोडा, मुंगीपण घुसणार नाय," असं म्हणून त्यांनी मला आण्णांच्या हातात दिलं. तेव्हापासून मी त्यांच्या गावचा, चामटोलीचा झालो.

आण्णा मूळचे देशावरचे. भात निघाला की नदीकाठच्या तुकड्यात ते गहू पेरायचे, तोही खपली. हिचं टरफल भारी हट्टी. मळणी केली तरी दाण्याला सोडत नाही, उखळात कांडावं लागतं. तशीच टरफलासकट, राखेत घोळून आण्णा ती माझ्या पोटात ठेवायचे. घरातलं पीठ संपलं तरी त्या बियाला कुणी हात लावायचा नाही, असा त्यांचा दंडक होता. मला त्याचा फार अभिमान वाटे. घरात पितळेचे डबे होते, पण बियाणं माझ्याकडे होतं.

शेजारचा जनू मात्र नावं ठेवायचा. "आण्णा, हे काळं काय पेरता? कांडून कांडून सुनेचे हात गेले." सून म्हणजे अंजनी. ती बोलायची नाही, पण तिलाही नवा, पांढराशुभ्र गहू आवडायचा. शेवटी आण्णांनी मोठा तुकडा नव्या गव्हाला दिला आणि खपलीला बांधालगतची एक पट्टी ठेवली.

दोन हजार सहाच्या हिवाळ्यात ढग हटेनात, नदीवरचं धुकं उठेना. गव्हावर तांबेरा पडला. तांबेरा म्हणजे बुरशीचा रोग. पानांवर गंजासारखी भुकटी धरते आणि दाणा पोचट राहतो. आण्णा शेतातून आले तेव्हा त्यांचं धोतर गुडघ्यापर्यंत तांबडं झालं होतं. नवा गहू गेला. बांधाकडची खपली मात्र हिरवीगार उभी होती.

रोगट पानं गोळा करत बदलापूरची संजीवनी त्याच सुमारास चामटोलीत आली. ती गव्हाच्या संशोधनाचं शिकत होती. पट्टी पाहून ती तिथंच बसली.

"आण्णा, आजोबांचं नाक नातवाला मिळतं ना, तसा हा गुण बियातूनच येतो. नव्या गव्हाशी संकर केला तर त्यालाही देता येईल. थोडं बी द्याल?"

"खपली तर आमच्याकडं देशावर पण मिळते, पोरी."

"मिळते. पण घराघरातली थोडी वेगळी असते. तुमची या दमट हवेत टिकलीय."

आण्णांना इतकं बरं वाटलं! पण मी तेव्हा रिकामा होतो, सगळं बी शेतात होतं. "अजून हिरवं आहे. पिकल्यावर ये. या डब्यात तुझं बी ठेवतो," असं म्हणून त्यांनी माझ्या झाकणावर थाप मारली. अंजनी तिथंच उभी होती.

पीक आलं, मी भरलो. संजीवनीचं येणं आधी परीक्षेपायी, मग तिच्या लग्नापायी लांबलं. पावसाळ्याच्या तोंडाला आण्णा तापाने गेले.

तेराव्याला गोडाचं करायचं होतं. अंजनी माझ्यासमोर बसून रडत म्हणाली, "आण्णांचा खपलीच्या खिरीवर किती जीव. आता पेरणार तरी कोण? ती पोरगी काय परत येते?" तिने मला उखळापाशी पालथं केलं. मला ओरडावंसं वाटलं, पण पत्र्याला कुठली वाचा? सगळा गाव जेवला. खीर फार चांगली झाली, जनूने दोनदा मागून घेतली. अंजनीने हे सारं मायेपोटी केलं, म्हणून तर तिच्यावर रागवताही येत नाही.

दिवाळीनंतर संजीवनी आली. अंजनीने मला तिच्यापुढे ठेवलं. संजीवनीने मला उलटं करून बुडावर टिचक्या मारल्या. मुकेशशेठने वळवलेल्या कडेतून राख पडली, टरफलं पडली आणि एक दाणा निघाला. तिने तो तळहातावर घेतला. त्याला किड्याने भोक पाडलं होतं.

"मला नुसती मूठभर पुरली असती, वहिनी," ती म्हणाली. अंजनीने पदर तोंडाला लावला.

नुकतंच लग्न झालेली मुलगी दारातून रिकामी कशी पाठवायची? अंजनीने तिची ओटी भरली. नारळ होता, गहू होते. ते गहू दुकानातले होते, पांढरेशुभ्र.

आता माझ्यात तेच दुकानचे गहू असतात. मित्रांनो, आपल्या माणसाच्या आवडीचं जरूर करा. पण त्याने जपलेलं सगळंच्या सगळं संपवू नका, एक मूठ मागे ठेवा. अंजनी आता ठेवते. दळणाला गहू काढताना तिचा हात माझ्या बुडाशी येतो, थांबतो आणि शेवटची मूठ तशीच सोडून देतो. त्या गव्हाला तांबेरा लागतो, हे तिलाही ठाऊक आहे.