मिशीची पैज

"साइट खरी निघाली तर माझी मिशी गेली! इथंच, भर रस्त्यात, ह्याच खुर्चीत!" कुलूपवाल्या किल्ल्यानं सलूनच्या खुर्चीवर थाप मारली.

"आणि खोटी निघाली तर?" सलूनवाल्यानं विचारलं.

"तर शेजारच्या शिवणवहिनींनी महिनाभर दुकानावर पडदा लावायचा. त्यावर लिहायचं, 'कुलूपवाले भावजी शहाणे'. स्वतः शिवून."

"शिवते," वहिनी म्हणाल्या. "पण भावजी, आधी खरं सांगा. ही मेल तुम्हीच नाही ना पाठवलीत?"

किल्ल्याचं तोंड उतरलं. वहिनींची तरी काय चूक? कुलपं दुरुस्त करणारा हा गडी गल्लीत टोप्या घालण्यासाठीच प्रसिद्ध. गेल्याच महिन्यात त्यानं सलूनवाल्याला 'शहरातली सर्वोत्तम दाढी' अशा बक्षिसाचं पत्र धाडलं होतं. बिचारा कोट चढवून दोन तास फोटोवाल्याची वाट बघत बसला.

"नाही वहिनी. तुमच्या नवऱ्याच्या नावानं मस्करी मी नाही करणार."

मेल साधी होती. वीस वर्षांपूर्वी सगळे जिथं पडीक असायचे, ती ओळखीपाळखीची साइट पुन्हा सुरू झालीय. रविवारपर्यंत खातं उघडा, नाहीतर जुनं सगळं पुसलं जाईल. वहिनींचे यजमान तेव्हा बोटीवर स्वयंपाकी होते. बंदर लागलं की साइटवर बायकोला चार ओळी लिहायचे. पुढं साइट बंद पडली, ओळी गेल्या. आठ वर्षांपूर्वी लिहिणाराही गेला.

"घाई करायला लावतोय ना, तिथंच चोर कळतो," किल्ल्या म्हणाला. "आणि एकच पासवर्ड तुम्ही सगळीकडे लावलाय. गिऱ्हाइकांची मापं, नातीचे फोटो, सगळं साफ होईल."

"मग बघायचंच नाही का मी?"

किल्ल्यानं वहिनींचा फोन घेतला आणि तिघं शेजारी त्यांच्या दुकानात गेले. मेलमधल्या लिंकला बोटही लावलं नाही. शिवणयंत्राच्या खणाच्या आत यजमानांनी पेन्सिलीनं साइटचा पत्ता लिहून ठेवला होता. तो त्यानं अक्षर न् अक्षर टाइप केला. पान उघडलं.

"झालं की!" सलूनवाला म्हणाला. "भिजव मिशी."

"थांब रे. घरात भुरटा घुसला तरी दारावरची पाटी जुनीच राहते. आधी चुकीची किल्ली. नवं कुलूप हातात आलं की मी तेच करतो. कुठल्याही किल्लीनं उघडलं तर समजायचं, आत काहीतरी काळंबेरं आहे."

त्यानं पासवर्ड ठोकला: गाढव एक दोन तीन. साइट म्हणाली, चुकलं. पुन्हा ठोकला. पुन्हा चुकलं. तिसऱ्यांदा साइटनं उलटा सवाल टाकला: खातं उघडताना तुम्हीच लिहिलेल्या गुप्त प्रश्नाचं उत्तर द्या.

किल्ल्या मोठ्यानं वाचत सुटला, "ह्यांचं घोरणं थांबवायला कुठल्या कुशीवर..." आणि चपापला.

सलूनवाला हसून हसून लादीवर बसला. वहिनी कानापर्यंत लाल.

"डाव्या," त्या हळूच म्हणाल्या. "मीच लिहिलं होतं. त्यांनासुद्धा माहीत नव्हतं."

असला प्रश्न जगातला कुठला चोर रचणार? किल्ल्यानं फोन वहिनींच्या हातात दिला आणि वळून उभा राहिला. गिऱ्हाईक तिजोरी उघडताना तो अशीच पाठ करायचा.

वहिनींनी उत्तर टाइप केलं, तसं खातं उघडलं.

"फोटो गेलेत सगळे," वहिनी म्हणाल्या. "नुसते राखाडी चौकोन. पण ओळी आहेत. ही शेवटची बघा. 'परवा निघतो. कपाटाचं कुलूप पुन्हा अडलं तर किल्ल्याला बोलाव. त्याच्या एका शब्दावर विश्वास ठेवू नकोस. पण हाक मारलीस की तो येईल.'"

गळ्यातली मापाची टेप त्यांनी तोंडाशी गच्च धरली. ब्लाउज न्यायला आलेल्या दोघी दारात थबकल्या. समोरचा फळवाला मान वर करून बघायला लागला.

किल्ल्यानं सलूनची खुर्ची खरखरत फुटपाथवर ओढली, ती थेट पलीकडच्या टोकाला.

"या हो या! बावीस वर्षांची मिशी निघाली! बघायला पैसे पडत नाहीत! अहो ताई, ब्लाउज कुठं पळत नाही, इकडं या!"

माणसं जमली. सगळ्यांच्या पाठी वहिनींच्या दुकानाकडे. सलूनवाल्यानं फेस लावला, वस्तरा फिरवला. डावी बाजू साफ झाली आणि हशा पिकला.

"थांब," किल्ल्या पुटपुटला. "उजवी राहू दे जरा."

"का रे? आता लाज वाटायला लागली?"

"गर्दी पांगेल ना, येड्या."

मग अर्ध्या मिशीनं त्यानं कोट घातलेल्या सलूनवाल्याची गोष्ट सुरुवातीपासून रंगवून सांगायला घेतली. मागं दुकानात शिवणयंत्र बंद होतं. वहिनी अजून वाचत होत्या.