डोकं बापाचं, गोळी लेकीची

पांढुर्ण्यात भाऊराव खोडे यांचं कृषी केंद्र रोज सकाळी नऊला उघडतं. त्या दिवशी सव्वानऊ झाले तरी शटर बंदच होतं, कारण भाऊराव घरी बसून पुडी बांधत होते. पुडीत बियाणं नव्हतं. त्यांच्या लेकीचे, शीतलचे, केस होते.

टायफाइड झाल्यापासून शीतलचे केस जे गळायला लागले ते थांबतच नव्हते. तिची आई सुशीलाबाई फणीतले, मोरीतले, उशीवरचे केस रोज वेचायची. भाऊराव ते पेपरात गुंडाळून स्कूटरच्या डिक्कीत टाकायचे आणि जाम नदीचा पूल ओलांडून पार सावरगावच्या उकिरड्यावर नेऊन फेकायचे. आपल्या गल्लीच्या कचरागाडीत टाकायची सोय नव्हती. गाडीवर येणारी बाई पुडी उघडून पाहते, असा त्यांना संशय होता. खून केलेला माणूससुद्धा पुरावा इतक्या निगुतीनं लपवत नसेल.

"अवो, आज पुडी मोठी दिसून राहिली," सुशीलाबाई म्हणाल्या.

"हळू बोल ना. भिंतीपल्याड माणसं राह्यतेत."

शीतल सत्तावीस वर्षांची. खासगी शाळेत गणित शिकवायची. पोरांना टक्केवारी समजावून सांगणाऱ्या या मुलीला स्वतःच्या डोक्यावर किती टक्के उरले हे आरशात दिसत होतं, आणि ते बोलायची घरात बंदी होती. दुखणं लपवायचं, लग्न उरकायचं आणि पुढचं पुढच्यांनी पाहायचं, अशी आपल्याकडची जुनी रीत आहे. लेकीचा खोकला, चष्मा, कोड, टक्कल, सगळं अक्षता पडेपर्यंत झाकून ठेवायचं. जुना फ्रिज विकतानासुद्धा माणूस सांगतो की बाबा, याचं दार जरा जोरात लावा लागते. लेकीच्या बाबतीत तेवढंही नाही.

याच रीतीनं मोहगावचं स्थळ गेलं होतं. पाहायला आलेल्या मुलाच्या मावशीनं "केस पाहू बाई तुह्ये" म्हणत शीतलची वेणी ओढली आणि सुशीलाबाईंनी मोठ्या हिकमतीनं गुंफलेलं गंगावन अख्खंच्या अख्खं तिच्या हातात आलं. मावशीला वाटलं हातात काही जिवंत आलं. तिनं किंचाळून ते भिरकावलं. ते पडलं मुलाच्या काकाच्या चिवड्याच्या बशीत. काकानं चमच्यानं ते उचलून पाहिलं, मग शीतलकडे पाहिलं, आणि बशी खाली ठेवली. बस, एवढीच बोलणी झाली. मंडळी चहा न घेता गेली.

त्यानंतर शीतलनं फोनवर एक ॲप शोधलं. घरी बसून केसांच्या डॉक्टरशी व्हिडिओवर बोलायचं, डॉक्टर चिठ्ठी लिहिणार, औषध घरपोच येणार. तिनं अर्ज भरायला घेतला. नाव शीतल, वय सत्तावीस, स्त्री. भाऊरावांनी मागून वाकून पाहिलं.

"काय करून राहिली तू?"

"डॉक्टरले दाखवून राहिली, बाबा."

"पुसून टाक ते नाव. कंप्यूटरमंधी गेलेली गोष्ट निघते काय कधी? उद्या हे कुठी कुठी फिरन, कोनाले माहीत?"

"मंग दाखवू कसं?"

भाऊरावांनी आपल्या डोक्यावरून हात फिरवला. ते डोकं गेली वीस वर्षं कपाळापासून मानेपर्यंत एकसंध गुळगुळीत होतं. हात फिरता फिरता त्यांना सुचलं. "मी दाखवतो ना! टक्कल ते टक्कल. माह्यं काय अन् तुह्यं काय!"

शीतल शिकलेली होती. हे चूक आहे हे तिला कळत होतं. पण चिवड्याच्या बशीतलं ते गंगावन तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. तिनं मान खाली घातली आणि लिहिलं: भाऊराव, वय अठ्ठावन्न, पुरुष.

ठरल्या वेळी भाऊराव इस्त्रीचा शर्ट घालून, डोक्याला खोबरेल तेल चोपडून फोनसमोर बसले. पडद्यावर पुण्याचे डॉक्टर रोशन आले. तरुण होते, सभ्य होते.

"काका, डोकं जरा खाली घ्या. उजेड चमकतोय, काही दिसत नाहीये."

भाऊरावांनी डोकं खाली घातलं.

"कधीपासून केस जातायत?"

"आठ महिन्यांपासून," भाऊरावांनी लेकीचं उत्तर दिलं.

डॉक्टर पडद्याजवळ सरकले. "आठ महिन्यांत इतके?"

"टायफाइड झाल्ता."

"ब्लड प्रेशर? हृदयाचा काही त्रास?"

हे मात्र भाऊरावांनी स्वतःचं सांगितलं. सगळं ठणठणीत. डॉक्टरांनी दोन गोळ्या लिहिल्या, दोन्ही पुरुषांच्या टकलाच्या मापाच्या. पहिली केस उगवायला लावते, पण रक्तदाबही उतरवते. दुसरी पुरुषांच्या हार्मोनवर काम करते. "आणि एक महत्त्वाचं, काका. घरात कुणी गरोदर बाई असेल, तर तिनं ही दुसरी गोळी हातातसुद्धा घ्यायची नाही. पोटातल्या बाळाला धोका असतो."

दाराआड उभ्या असलेल्या सुशीलाबाईंच्या हातातली चाळणी तशीच राहिली. फोन बंद झाल्यावर त्या बाहेर आल्या. "आयकलं ना तुमी?"

"आपली शीतल कुठी पोटुशी हाये?"

"आज नाही. पन लगन झाल्यावर?"

"लगन झाल्यावर आपुन मोकळे," भाऊराव म्हणाले आणि दुकानात गेले.

गोळ्या सुरू झाल्या. दीड महिन्यात केस उगवले, पण डोक्यावर नाही. शीतलच्या गालांवर लव आली, कल्ले उतरले, वरच्या ओठावर बारीक काळी रेघ दिसू लागली. सुशीलाबाई दर रविवारी दार लावून दोऱ्यानं तिचा ओठ साफ करायच्या. शाळेच्या जिन्यात शीतलच्या छातीत धडधडायचं. संध्याकाळी चपलेचा पट्टा घोट्यात रुतायचा. सुशीलाबाईंनी नजर उतरवून लिंबू चौकात टाकलं. ते फेकताना मात्र त्यांनी कोणापासून लपवलं नाही. ते काही लाजेचं काम नव्हतं.

तीन महिन्यांनी डॉक्टर रोशन पुन्हा फोनवर आले. पुन्हा भाऊराव, पुन्हा तेच डोकं, आणि त्यावर अर्थातच एकही नवा केस नाही.

"काका, गोळी नियमित घेताय ना?"

"एक दिवस खाडा नाही." आणि हे खरं होतं.

"चक्कर? धडधड? पायाला सूज?"

भाऊरावांनी स्वतःच्या पायांकडे पाहिलं. "काहीच नाही."

"तुम्हाला औषध छान सोसतंय, पण फरक दिसत नाही. डोस वाढवूया."

अशा रीतीनं बापाच्या टकलावर केस येईनात म्हणून लेकीची गोळी मोठी झाली.

त्याच पंधरवड्यात सौंसरचं स्थळ आलं. मुलगा स्वप्निल, सरकारी खात्यात क्लार्क. त्याचं कपाळ पुढून सुरू होऊन टाळूपर्यंत गेलेलं होतं. पण मुलाच्या कपाळाला कोणी मोजमाप लावत नाही, म्हणून भाऊरावांनीही लावलं नाही. मंडळी अकरा जण आली. मुलाची आई उषाबाई सोफ्याच्या मधोमध बसल्या.

"आमच्यात केस-बिस ओढून पाह्यत नाही हो आमी," त्या म्हणाल्या. सुशीलाबाईंचा जीव भांड्यात पडला. "संस्कार पाह्यतो. पोरीनं सगळ्यायच्या पाया पडाव, बस."

डोक्यावरून पदर घेऊन, ओठ ताजा साफ करून शीतल आली. वाकली, उठली. वाकली, उठली. रक्तदाब उतरवणारी मोठी गोळी पोटात असताना दहा वेळा वाकायचं आणि दहा वेळा उठायचं, नवरदेव तेवढा सोडून. चौथ्याला तिच्या डोळ्यांपुढे काजवे आले. सातव्याला तिला माणसं दिसेनात, फक्त पावलं दिसत होती. नवव्याला, म्हणजे स्वप्निलच्या आत्याच्या पायांशी ती वाकली आणि तिथेच राहिली.

"पाहा, किती नम्र पोरगी हाये," आत्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला. "उठतच नाही! अखंड सौभाग्यवती भव, बेटा. उठ आता."

"असे संस्कार आजकाल कुठी पाह्याले भेटतेत?" उषाबाई म्हणाल्या. कोणीतरी फोटोही काढला.

आशीर्वाद घेता घेता शीतल आडवी झाली, तेव्हा कुठे सुशीलाबाई किंचाळल्या.

दवाखान्यात ड्यूटीवर डॉक्टर गायत्री होत्या. त्यांनी मशीन लावलं, आकडा पाहिला, पुन्हा लावलं. रक्तदाब ऐंशीच्या खाली, नाडी एकशे तीस. "काही औषध सुरू आहे का हिचं?"

दारात सौंसरचे अकराही जण उभे होते. भाऊरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. "काही नाही. उपास होता तिचा. सोळा सोमवार."

"आज रविवार आहे."

"कालपासून धरला."

दारातून उषाबाईंचा कौतुकाचा सुस्कारा ऐकू आला. डॉक्टर गायत्रींनी सलाइन लावलं, शीतलच्या घोट्यावर बोट दाबलं. बोटाचा खड्डा तसाच राहिला. "उपासानं पाय सुजत नाहीत. मला नीट सांगा. नाहीतर मी इथं अंदाजानं औषध देईन आणि ते उलटं पडेल. हिचं हृदय बंद पडू शकतं. कळतंय का?"

भाऊरावांच्या खिशात पाहुण्यांपासून लपवलेलं गोळ्यांचं पाकीट होतं, आणि खिशावर त्यांचा हात होता.

सुशीलाबाईंनी तो हात ओढून बाजूला केला. तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. पाकीट काढून डॉक्टरांच्या टेबलावर टाकलं.

"हे खाते माही पोरगी. साडेतीन महिने झाले. केस गेले तिचे टायफाइडमंधी."

डॉक्टरांनी पाकिटावरच्या चिठ्ठीतलं नाव वाचलं. "हे भाऊराव कोण?"

"हे उभे हायेत ना! यायनं आपलं टक्कल दाखवलं अन् गोळ्या लेकीले चारल्या. मीही काही बोलली नाही. मीच दूध द्याची वरून." मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "दुकानात शेतकरी आला तं तुमी म्हनता, पान आन, किडा पाहू दे, मंग फवारा देतो. संत्र्याचं झाड पाह्यल्याशिवाय तुमी औषध देत नाही. अन् लेकीले?"

डॉक्टर धावल्या. काय द्यायचं नाही हे आता कळलं होतं, आणि तेवढ्यानंच शीतल वाचली.

संध्याकाळी ती शुद्धीवर आली तेव्हा सौंसरची मंडळी गेली नव्हती. इतकी रंगलेली गोष्ट अर्धी टाकून कोण जाणार?

"फसवून राहिले होते आमाले," उषाबाई दारातूनच म्हणाल्या. "टकली पोरगी गळ्यात बांधत होते."

स्वप्निल पुढे आला. त्याला खरंच वाईट वाटलं असावं. "आई, राहू दे ना. केसाचं मले काही नाही. चालते मले."

खोलीत सगळ्यांचे डोळे चमकले. भाऊराव तर खुर्चीतून अर्धे उठले.

"मले नाही चालत," शीतल म्हणाली.

"काय?"

"मी आत्याबाईच्या पायावर बेसुद पडून होती. तुमी समोर बसले होते. मी उठत काहून नाही, हे पाह्याले तुमी उठले काय? फोटो काढला म्हने तुमी?"

स्वप्निलनं मोबाइल खिशात सरकवला. उषाबाई पुढे काहीतरी बोलणार होत्या, पण नर्सनं पडदा ओढून घेतला.

चार आठवड्यांनी शीतलनं डॉक्टर रोशनना पुन्हा फोन लावला. स्वतःच्या नावानं, स्वतःच्या चेहऱ्यानं. आधी झालेलं सगळं सांगितलं. मग डॉक्टरांनी पाळीचं विचारलं, थकव्याचं विचारलं, थायरॉइडचं विचारलं. हे प्रश्न त्यांनी भाऊरावांना विचारले नव्हते, आणि अठ्ठावन्न वर्षांच्या गड्याला ते कोण विचारणार? रक्ताची तपासणी सौंसर रोडवरच्या लॅबमध्ये झाली. लोह तळाला गेलेलं होतं, थायरॉइडही बिघडलेलं. शीतलला हव्या होत्या त्या लोहाच्या साध्या गोळ्या आणि रोज सकाळची एक थायरॉइडची. केस येतील, वेळ लागेल, सगळे येतीलच असं नाही, डॉक्टर म्हणाले. डोकं उघडं ठेवून ती शाळेत जाऊ लागली. वर्गात दोन दिवस कुजबुज झाली, मग चाचणी परीक्षा आली.

गावात मात्र वेगळंच चाललं होतं. इतकी मेहनत करून केस लपवले, तर लोकांनी त्या रिकाम्या जागेत स्वतःच्या मनानं भर घातली. एका दुपारी बोरगावचा चिंधू दुकानात झिंक घ्यायला आला. इकडेतिकडे पाहून काउंटरवर वाकला.

"भाऊ, राग नका मानू. पोरीले दवाखान्यात कायले नेलं होतं? लोकं म्हनून राहिलेत, दिवस गेलते म्हने."

भाऊरावांचा चेहरा लाल झाला. मग उतरला. दुकानात आणखी तीन गिऱ्हाइकं होती. त्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात भाऊराव म्हणाले, "तिचे केस गेलते. मले लाज वाटली. मी तिचं दुखनं माह्या नावावर लिहून तिले चुकीच्या गोळ्या चारल्या. मरता मरता वाचली."

तिन्ही गिऱ्हाइकं एकदम झिंकच्या पोत्यांकडे पाहू लागली. एक एक करून निघूनही गेली. चिंधू तेवढा राहिला. बराच वेळ तो पिशवीची गाठ सोडत आणि बांधत होता.

"माह्या तिसऱ्या पोरीले फिट येते," तो शेवटी म्हणाला. "कोनाले सांगतलं नाही. माह्याच नावानं गोळ्या आनतो. पुढच्या महिन्यात लगन हाये तिचं."

"तिले इचारलं?"

"काय?"

"का लगन कराव का नाही. पोराले सांगाव का नाही. गोळी लागू पडून राहिली का नाही."

"पोरीले कायले इचाराचं, भाऊ?" चिंधूला खरोखरच नवल वाटलं. "मी बाप होय ना तिचा."

भाऊराव काउंटरच्या बाहेर आले आणि त्याच्यासमोर उभे राहिले.

"मंग मी कोन होतो, चिंधू?"