फ्रूमावहिनींचं मौन

सार्जंट झालमन गेले आणि त्याच आठवड्यात न्यूयॉर्कचा महापौर बदलला. नव्या महापौराच्या बाजूचे आणि विरोधातले अशी आम्हा ज्यू पोलिसांच्या मंडळात उभी फूट पडली. तरी दुखवट्याला ब्रुकलिनच्या त्यांच्या घरी सगळे जमलो. आमच्या दुखवट्याच्या रिवाजाप्रमाणे आरसे झाकलेले होते. त्यांच्या पत्नी, फ्रूमावहिनी, रिवाजाच्याच बुटक्या स्टुलावर बसल्या होत्या.

तेवढ्यात आमच्याच मंडळातला योसेल आत आला. नव्या महापौराच्या बंदोबस्ताला हा स्वतःहून गेलेला! माझं डोकंच फिरलं. ‘गद्दार’ हा शब्द अगदी ओठांवर आला. शेजारी माझ्याच गटातला बेरेल मुठी आवळत होता. पण आमच्यात सुतकाच्या घरी घरचं माणूस बोलेपर्यंत पाहुण्याने ब्र काढायचा नाही. आणि वहिनी काही केल्या बोलेनात.

रिकामी खुर्ची एकच, माझ्या समोर. योसेल तिच्यावर बसला. त्याच्याही बिल्ल्यावर माझ्यासारखीच सार्जंटच्या शोकाची काळी पट्टी होती. खोली एवढीशी, त्यामुळे आमचे गुडघे एकमेकांना घासत होते. तो माझ्याकडे बघेना, मी त्याच्याकडे. मध्येच बेरेलचं पोट गुरगुरलं, पण हसायचीही चोरी.

बऱ्याच वेळाने वहिनींनी मान वर केली.

"हे नेहमी म्हणायचे, ही माझी पोरं एकदा तरी न भांडता एका खोलीत बसलेली बघायचीत. म्हणून मी मुद्दाम गप्प राहिले." त्यांनी डोळे पुसले. "बसलात बाबांनो. आता भांडा, काय भांडायचंय ते."