गोदाला न पटलेली बोट

भागोजी पाष्टे बत्तीस वर्षं मालवाहू बोटीवर भंडारी होता. बोटीवर भंडारी म्हणजे स्वयंपाकी. बोट सगळं जग फिरली, पण भागोजीनं जग पाहिलं ते स्वयंपाकघराच्या गोल खिडकीतून, तेही कांदा चिरता चिरता. बंदर आलं की खलाशी कपडे बदलून उतरायचे. भागोजी म्हणायचा, "तुम्ही व्हा पुढं, मी आलोच," आणि संध्याकाळच्या जेवणाचे तांदूळ निवडायला बसायचा.

हे त्यानं घरी कधी सांगितलं नाही. वर्ष-दीड वर्षानं तो सुट्टीवर यायचा. लांज्याला एस.टी.तून उतरायचं, तिथून दोन मैल चालत वाडीवर. गोदा पाय धुवायला पाणी द्यायची आणि त्याचे पाय कोरडे व्हायच्या आत विचारायची, "मग? या खेपेला काय काय बघितलंत?"

आता बायको दीड वर्ष घर, शेत, गुरं एकटीनं सांभाळते. तिला काय सांगायचं, बटाटे बघितले? म्हणून तो सांगायचा. खलाशांकडून ऐकलेलं सांगायचा, त्यांनी आणलेल्या रंगीत कार्डांवर पाहिलेलं सांगायचा आणि एवढ्यानं भागलं नाही तर पदरचं घालायचा.

गोदा ऐकून गप्प बसणाऱ्यातली नव्हती. लावणीला बायका चिखलात ओळीनं वाकल्या की ती सुरू करायची. पॅरिसचा लोखंडी मनोरा, लंडनचं घड्याळ, पाण्यावरचं व्हेनिस. रोपं लावता लावता अख्खी वाडी जग फिरून यायची. गोदा स्वतः एकदाच रत्नागिरीपर्यंत गेली, तीही दवाखान्यात. परत आली नाही. त्याला आता दहा महिने झाले होते.

भागोजीचे जेवणाचे हाल नव्हते. बत्तीस वर्षं चाळीस माणसांना जेवायला घातलं, त्याला एका माणसाचं काय अवघड. फक्त हाताला सवय नव्हती. भात नेहमी जास्त व्हायचा.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी शाळेच्या मालिनीबाई त्याच्या अंगणात आल्या. बाई रत्नागिरीच्या, जूनमध्ये बदलून आलेल्या.

"भागोजीकाका, मी जगाचा नकाशा शिकवायला घेतला, तर वर्गातली पोरं मलाच शिकवायला लागली. कोणी सांगितलं विचारलं, तर म्हणे गोदाआजीनं. त्यांच्या आयांना विचारलं, तर त्यांनाही पाठ."

"सांगायची खरी ती," भागोजी म्हणाला.

"म्हणून मी ठरवलंय. शाळेच्या पुढच्या भिंतीवर नकाशा काढायचा आणि खाली सहा चौकटी. एकेका चौकटीत एकेका ठिकाणाची माहिती, बायकांनी सांगितली तशी. वर लिहायचं, 'माहिती: कै. गोदाबाई भागोजी पाष्टे'. परवा शनिवारी पेंटर येतोय. पुढच्या महिन्यात तालुक्यातल्या शिक्षकांची सभा आपल्या शाळेत आहे, सगळे बघतील. तुम्ही फक्त एकदा ऐकून घ्या. तुम्ही हे सगळं डोळ्यांनी बघितलेलं."

भागोजीला बरं वाटलं. गोदाचं नाव, तेही शाळेच्या भिंतीवर. बाईंनी वही उघडून वाचायला सुरुवात केली.

"पॅरिसचा लोखंडी मनोरा उन्हाळ्यात अर्धी वीत वाढतो आणि थंडीत पुन्हा आखडतो."

"बरोबर. लोखंड तापतं ना."

"व्हेनिस शहर चिखलात ठोकलेल्या लाकडी खांबांवर उभं आहे. खांब पाण्याखाली असल्यामुळे कुजत नाहीत."

"बरोबर."

"लंडनचं मोठं घड्याळ मागं पडलं की त्याच्या लंबकावर जुनं नाणं ठेवतात. एका नाण्यानं ते दिवसाला जेमतेम अर्धा सेकंद पुढं जातं."

"बरोबर. आमच्या बोटीवरचा इंग्रज सांगायचा."

"चीनची भिंत बांधताना चुन्यात भाताची पेज घालत."

"ते मला हाँगकाँगच्या आचाऱ्यानं सांगितलं. मी पेज काढत होतो, त्यावरून विषय निघाला."

"पिसाचा मनोरा कलला आहे. त्यात राहणारी माणसं एका पायात जाड चप्पल आणि एका पायात पातळ चप्पल घालतात."

भागोजीनं वहीत डोकावून बघितलं.

"इजिप्तच्या पिरॅमिडमध्ये एक चूल आहे. दर अमावास्येला मेलेल्या राजासाठी तिथं रांधतात. एकदा आमच्या यांना बोलावलं होतं. यांनी पिठलं केलं, पण मीठ कमी पडलं."

"बाई," भागोजी चाचरत म्हणाला, "शेवटच्या दोन... बायकांचं ऐकण्यात काही चुकलं असेल."

"नाही हो. चौघींनी सांगितलं, शब्दाला शब्द तेच. खरं सांगायचं तर मलाही ते जरा विचित्र वाटलं. पण म्हटलं, तुम्ही तिथं जाऊन आलात." त्या वही ठेवून उठल्या. "उद्या दुपारी शाळेत या. बायका अंगण सारवायला येणारेत. तेव्हा नक्की करू."

बाई गेल्या आणि भागोजी ओट्यावर बसून राहिला. तालुक्याचे शिकलेले मास्तर येणार. पिठल्याची चौकट वाचणार आणि वर नाव बघणार. थाप आपली आणि हसं गोदाचं. जिवंतपणी तिला कोणी हसलं नव्हतं. कोणी हसायला गेलंच असतं तर तिनं त्याला घरी पोचवलं असतं. आता तिच्या वतीनं बोलायला हा एकटाच उरला होता आणि मुळात खोटं बोलला होता तोही हाच.

शुक्रवारी तो शाळेत गेला तेव्हा अर्धं अंगण सारवून झालं होतं. येसूबाई शेणात हात घालून पुढं होती. ती गोदाची शेजारीण, भागोजीपेक्षा चार वर्षांनी मोठी, म्हणून त्याला अरे-तुरे करणारी. तिच्या मागं तिची सून राही आणि आणखी दोघी. बाई पायरीवर वही घेऊन बसल्या होत्या.

भागोजी उभ्या उभ्याच म्हणाला, "त्या पिसाच्या मनोऱ्यात कोणी राहत नाय. चपलांचं खोटं हाय."

येसूबाईनं मान वर केली नाही. "कोण म्हणतो?"

"मी म्हणतो. मीच ते सांगितलेलं."

"तू गोदाला सांगितलंस. आमाला गोदानं सांगितलान. गोदा खोटं बोलायची नाय."

"ती नाय बोलली. मी बोललो."

"तुजं वय झालं, भागोजी. इसरायला होतंय."

"इसरलो नाय, येसूवहिनी. चांगलं आठवतंय म्हणून तर सांगतो."

राही सारवायची थांबली. "आणि काका, पिरॅमिडातलं पिठलं?"

"केलं नाय. पिरॅमिड मी बघितला पण नाय. बोट सुएझमधनं गेली तेव्हा मी आत बांगडे साफ करीत होतो."

"मग मीठ कमी पडलं ते?"

"पिठलंच नाय, तर मीठ कुठलं कमी पडतंय?"

राहीचा चेहरा पडला. "मी पिठल्यात मीठ घालताना दरवेळी त्या राजाची आठवण काढते. लग्न होऊन आले तेव्हापासून."

"काढ की. त्याला काय होतंय," येसूबाई म्हणाली. "याचं मनावर घेऊ नको. गोदा असती तर याला असं बोलू दिलानच नसतं."

भागोजीला हे अगदी ओळखीचं वाटलं. गोदाशी वाद घालून तो कधी जिंकला नव्हता. आता ती नव्हती तरी हरतच होता.

मालिनीबाईंनी त्याची बाजू घेतली. "काका म्हणतात ते बरोबर असेल. माझ्याकडे एक पुस्तक आहे. पिसाचा मनोरा बांधता बांधताच कलायला लागला, म्हणून वरचे मजले एका बाजूनं जरा उंच बांधून सरळ करायला बघितले, असं त्यात आहे. चपलांऐवजी तेच घालू. पण पिरॅमिडच्या जागी?"

"पनामा घाला," भागोजी म्हणाला. "ते मी स्वतः बघितलंय. हातात अर्धा सोललेला बटाटा घेऊन दारात उभा होतो. बोट पायऱ्या चढते."

चौघी बायकांनी एकमेकींकडे बघितलं आणि हसायला लागल्या.

"डोंगर चढणारी बोट ती?" येसूबाई डोळे पुसत म्हणाली. "गोदा काय म्हणायची ठाऊक हाय? म्हणायची, आमच्यांचं सगळं खरं, तेवढी बोट सोडून. पुरुषमाणूस हाय, एखादी थाप मारायचाच."

भागोजीला हे माहीत होतं. पनामाहून आल्यावर त्यानं पाय धुवायच्या आधीच सांगितलं होतं. पदरचं काही घालायची गरज नसलेली ती एकच गोष्ट होती त्याच्याकडे. गोदा हसून हसून खाली बसली. "आणि उतरताना धरतं कोण तिला? शेपटी असते काय?" त्यानं ताटं-वाट्या मांडून समजवायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, ताटं ठेवा, घासून झालीत. मग तो म्हणाला, पुढच्या सुट्टीत पाटाच्या पाण्यात करून दाखवतो. पुढची सुट्टी लावणीत गेली, त्याच्या पुढची घर शाकारण्यात. मग तो कायमचा घरी आला, आणि आता काय, वेळच वेळ आहे, असं दोघांनाही वाटत होतं.

"चला," तो एकदम म्हणाला. "पाटावर चला. करून दाखवतो. नाय चढली तर लिहा पिठलं."

शाळेच्या खालच्या अंगानं पाण्याचा पाट जायचा. पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, बांध घालून वळवलेलं पाणी त्यातून अण्णा केळकरांच्या पोफळीच्या बागेला मिळायचं. तिथं चांगला उतार होता. भागोजीनं धोतर खोचलं, मातीनं पाटात एकाखाली एक तीन खण केले, आणि खणांच्या मध्ये दारं म्हणून शाळेतल्या पाट्या उभ्या केल्या. पोफळीची गळलेली विरी, म्हणजे झावळीचं ते रुंद चामड्यासारखं बूड, दुमडून तिची बोट केली.

"ही खालच्या समुद्रात. आता हे दार उघडलं, बोट खणात आली. मागचं दार लावलं. आता वरचं पाणी सोडायचं."

वरची पाटी त्यानं जराशी उचलली. पाणी आलं, माती विरघळली, खालची पाटी आडवी झाली आणि बोट उलटी होऊन सरळ केळकरांच्या पोफळीकडे निघाली.

"उतरते छान," येसूबाई म्हणाली.

राहीनं धावत जाऊन बोट आणली. भागोजीनं पुन्हा माती लिंपली. पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा त्याच्या हातातली पाटीच वाहून गेली. मालिनीबाई काठावरून म्हणाल्या, "काका, राहू दे. मी पुस्तकात बघून लिहीन."

"पुस्तकातनं नको," भागोजी म्हणाला. "तिला करून दाखवतो म्हटलं होतं."

येसूबाईनं पदर खोचला आणि पाटात उतरली.

"सर बाजूला. भंडारी तो भंडारी. बांध असा घालतात? नुसती माती काय राहतेय? राही, गवत आण. मुळासकट आण."

तिनं गवताची ढेकळं उलटी दाबली, टाचेनं तुडवली, पाटीच्या दोन्ही कडांना चिखलात चर करून पाटी आत बसवली आणि वर ओला चिखल फिरवला. साठ वर्षं शेताचे बांध घातलेले हात. थेंब गळेना. बाकीच्या दोघींनी खालचे दोन खण तसेच केले.

"आता बोल. काय करायचं?"

"खालची पाटी घट्ट धरा. राही, वरची उचल. चार बोटं, जास्त नको."

पाणी हळूहळू आत आलं. विरीची बोट जागच्या जागी वर यायला लागली. चौघी वाकून बघत होत्या. खणातलं पाणी वरच्या खणाएवढं झालं तशी भागोजीनं राहीला पाटी काढायला लावली आणि बोट एका बोटानं पुढं ढकलली. ती वरच्या खणात गेली. मग त्याच्या वरच्या. शेवटी ती सगळ्यात वर, पाटाच्या संथ पाण्यात, सुरुवातीपेक्षा हातभर उंच तरंगत होती.

"चढली गो," राही म्हणाली.

"आणि हे कोणी ओढत नाय, उपसत नाय," भागोजी सांगत होता. "नुसतं वरचं पाणी खाली सोडायचं. वर मोठं तळं हाय, पावसानं भरतं. आमची बोट अशीच तीन पायऱ्या चढली, तळ्यातनं गेली आणि पलीकडं तीन पायऱ्या उतरून दुसऱ्या समुद्रात गेली."

येसूबाई पाण्याकडे बघत राहिली. "म्हणजे उतरताना धरायला नको," ती म्हणाली. "पाणीच धरतं."

"पाणीच धरतं."

"मेली बघायला हवी होती."

"हवी होती," भागोजी म्हणाला.

शनिवारी महिपत पेंटर डबे घेऊन आला. दुपारपर्यंत पाच चौकटी झाल्या. सहाव्या चौकटीशी मालिनीबाई अडल्या.

"काका, वर नाव गोदाबाईंचं. आणि पनामाची गोष्ट तर त्या मानतच नव्हत्या."

"तिच्या नावाखाली तिला न पटलेलं लिहिलंत तर वरनं शिव्या घालील," येसूबाई म्हणाली.

भागोजीनं थोडा विचार केला. मग महिपतला म्हणाला, "लिही. 'पनामाच्या कालव्यात बोट पाण्याच्या पायऱ्या चढते. गोदाबाईंना हे पटलं नव्हतं.'"

महिपतनं ब्रश खाली घेतला. "असं कोण लिहितं, काका?"

"खरं हाय ते. खरं तेच लिहायचं ठरलंय."

महिपतनं बाईंकडे बघितलं. बाईंनी मान डोलावली. त्यानं लिहिलं.

रंग ओला होता तोवर अण्णा केळकर तावातावानं फाटकातून आत आले. कालपासून त्यांच्या पोफळीला पाण्याचा थेंब नव्हता आणि पाटात कोणी तरी शेतातल्यासारखे बांध घातले होते. कोण तो शहाणा, हे विचारायला त्यांनी तोंड उघडलं, आणि त्यांची नजर भिंतीवर गेली. त्यांनी चष्मा वर सरकवून शेवटची चौकट वाचली. पुन्हा एकदा वाचली.

"बोट चढते म्हणजे?" ते म्हणाले. "कशी चढेल?"

"चला, अण्णा," भागोजी म्हणाला आणि धोतर खोचायला लागला. "बांध अजून तसेच हायत."