एकोणचाळीसचा रुपया

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमच्याकडे पाहुणे आलेले बाबांना खपत नसत. त्या दिवशी सदाशिव पेठेतल्या एका शाळेच्या वर्गात जुनी नाणी जमवणाऱ्यांची बैठक भरायची. आई गेल्यापासून इस्त्रीचा शर्ट घालायला बाबांपाशी तेवढं एकच निमित्त उरलं होतं. कात्रजहून ते बसनेच जायचे. मी गाडीने सोडते म्हटलं, तर म्हणायचे, "तुझ्या शेजारी बसलं की तूच बोलतेस. मला विचार करायचा असतो."

बाबांचं नाव उत्तरेश्वर. तरुणपणी बार्शीकडून पुण्याला आले आणि खडकीच्या कारखान्यात तपासनीस म्हणून लागले. दिवसभर माल पारखायचा आणि बिघडलेला बाजूला काढायचा, हे त्यांचं काम. घरी येऊन मात्र बिघडलेलीच नाणी घेऊन बसायचे. ब्रिटिश अमलातले पैसे, आणे, रुपये, सिलोनची चौकोनी नाणी, पूर्व आफ्रिकेची भोकाची, आणि त्यातही ज्यांचा छाप सरकलाय किंवा दोनदा बसलाय अशी. एक पाव आणा असा होता, की एका बाजूला राजाचं डोकं नेहमीसारखं उठावाचं आणि दुसऱ्या बाजूला तेच डोकं उलटं, आत रुतलेलं. लहानपणी मी विचारलं होतं, "चुकलेलं कशाला जमवता?" तर म्हणाले, "यंत्र चुकतं ते प्रामाणिकपणे चुकतं. माणूस कानस घेऊन बसला, तर त्याला चूक म्हणत नाहीत, लबाडी म्हणतात."

बैठकीची एक रीत होती. कुणी नवं नाणं आणलं की ते हातोहात फिरायचं. सगळ्यांनी पाहायचं, पण बोलायचं कुणी नाही. सगळ्यात शेवटी ते बाबांच्या हातात यायचं. अस्सल असलं तर बाबा म्हणायचे, "जपून ठेवा." नकली असलं तर म्हणायचे, "चहा घ्या." पुढे चर्चा नाही, अपील नाही. "काकांनी मला चहा पाजला" असं माणसं वर्षानुवर्षं हसत हसत एकमेकांना सांगायची. बाबांनी आयुष्यात बंगला बांधला नाही की पुढारपण केलं नाही. त्यांनी कमावलं ते एवढंच, की त्यांच्या शब्दानंतर दुसऱ्या कुणाला विचारायची गरज पडत नसे. आणि ते माझ्यामुळे गेलं.

बाबांना पंचाहत्तर पूर्ण होत होती. सहाव्या जॉर्जचा १९३९चा चांदीचा रुपया त्यांच्याकडे नव्हता. तो फार थोड्या लोकांकडे असतो. म्हणूनच लबाड लोक १९३८चा साधा रुपया घेतात, शेवटच्या आठाची खालची डावी कड कोरून काढतात आणि त्याचा नऊ करतात. चांदी खरी, वजन खरं, आवाज खरा, फक्त एक आकडा खोटा. नऊची शेपटी भिंगाखाली कशी बघायची हे बाबांनी मला आठव्या वर्षी शिकवलं होतं. लोक मुलींना भातुकली आणून देतात, मला भिंग मिळालं होतं.

आणि तरी मी तो रुपया इंटरनेटवर कुणा अनोळखी माणसाकडून मागवला, शनिवारी हातात आल्यावर लाल मखमली डबीत घातला आणि भिंग काढलंसुद्धा नाही. घाई होती म्हणून नव्हे. मला माझंच फार कौतुक वाटत होतं. बाबांना कसं चकित करीन, फोनवर कसं टिपून ठेवीन, यापुढे मला काही सुचत नव्हतं. घरी गुपचूप दिला असता तरी निभावलं असतं. पण मला तो बैठकीत द्यायचा होता, सगळ्यांच्या देखत.

दिला. रुपया हातोहात फिरला आणि बाबांकडे आला. त्यांनी तो नखावर टिचकी मारून कानाशी धरला, मग भिंग लावलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. मी फोन समोर धरून हसत उभी होते. त्यांनी भिंग खाली ठेवलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "जपून ठेवू."

टाळ्या झाल्या. मग सुदर्शन उठला. हा पेठेतला घड्याळं दुरुस्त करणारा, जिभेचा तिरकस, डोळ्याला भिंग चिकटवूनच जन्मलेला. त्याने रुपया पुन्हा मागून घेतला आणि खिडकीपाशी नेला.

"काका, हा अडतीसचा आहे. आठ कोरलाय."

"मला नऊ दिसतोय," बाबा म्हणाले.

"पुन्हा एकदा बघता का?"

"बघितलं की."

बापूरावांनी, बाबांच्या सगळ्यात जुन्या दोस्ताने, घसा खाकरून पेढ्यांचा पुडा फिरवायला घेतला. परत येताना बाबा गाडीत माझ्या शेजारी बसले आणि मी अवाक्षर बोलले नाही.

पुढच्या महिन्यात नाणं फिरत फिरत बाबांपर्यंत आलं आणि त्यांना ओलांडून सुदर्शनकडे गेलं. कुणी वाईट बोललं नाही. उलट सगळ्यांनी तब्येतीची चौकशी केली. त्याच्या पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी बाबांनी शर्टाला इस्त्री केली, घातला आणि गॅलरीत बसून राहिले.

मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते नको म्हणत होते, मी ऐकलं नाही. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि मला म्हणाले, "मागचं मोतीबिंदूचं ऑपरेशन उत्तम झालंय. तुमच्यापेक्षा यांना बरं दिसतं."

पार्किंगमध्ये मी विचारलं, "बाबा, तुम्हाला तो आठ दिसला होता?"

ते बराच वेळ सीटच्या पट्ट्याशी खटपट करत राहिले. "तू फोन धरून उभी होतीस, तनू. इतकी खूश. तुला काय म्हणू? चहा घे म्हणू?"

मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. बाबा माझ्या पाठीवरून हात फिरवत होते. "हे कुणाला सांगायचं नाही," ते म्हणाले. "डोळे गेले असंच समजू देत. म्हाताऱ्याचे डोळे जातात, त्यात काही विशेष नाही."

मला वाटलं, हा त्यांचा भिडस्तपणा. बापाने माझ्यासाठी एवढं केलं आणि मी गप्प बसू? पुढच्या दुसऱ्या रविवारी कॅम्पात खरेदीला जाते असं सांगून मी बैठकीला गेले, उभी राहिले आणि सगळं बोलून टाकलं. डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितलं. "त्यांना दिसतं. त्या दिवशीही दिसलं होतं. फक्त माझ्यासाठी ते..."

मला वाटत होतं की लोक आत्ता उठतील, काकांना घेऊन या म्हणतील. कुणी उठलं नाही.

सुदर्शन अगदी हळू बोलला. त्याच्या तिरकस जिभेला मी इतकी वर्षं भीत आले, आणि त्या दिवशी तो तिरकस बोलला नाही हेच भयंकर होतं. "ताई, डोळे अधू झाले असते ना, तर आधीचं सगळं शाबूत राहिलं असतं. आम्ही तसंच धरून चाललो होतो. आता तुम्ही सांगताय, समोर जवळचं माणूस असलं की काका..." त्याने वाक्य पुरं केलं नाही.

पुरं करायची गरजही नव्हती. या खोलीत बाबांच्या जवळचं नव्हतं कोण? तीस वर्षांची दोस्ती होती सगळ्यांशी.

बापूराव माझ्याकडे न पाहता उठले. त्यांच्या पिशवीत एक अल्बम असायचा. त्यातला एक रुपया बाबांनी पारखलेला, "जपून ठेवा" म्हटलेला, आणि बापूराव तो अभिमानाने सगळ्यांना दाखवायचे. त्यांनी तो पाकिटातून काढला आणि सुदर्शनच्या हातावर ठेवला.

"बघतोस का रे जरा," ते म्हणाले.

मग दुसऱ्या बाकावरून कुणीतरी पिशवीची चेन उघडली. तिसऱ्यानेही. निकाल ऐकायला मी थांबले नाही. जिना उतरताना मला कळलं की बाबांनी पार्किंगमध्ये तोंड बंद ठेव म्हणून का सांगितलं होतं. एका रविवारचा शब्द त्यांनी माझ्यासाठी सोडला होता, बाकीच्या तीस वर्षांचा मी घालवून आले.

घरी आले तर बाबा इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत बसलेले.

"बैठकीला गेली होतीस?"

खोटं बोलायला मला जमलं नाही. "हो."

"बापूराव आला होता?"

"हो."

"काय म्हणाला?"

"तुमच्याशिवाय करमत नाही म्हणाले," मी म्हणाले. "सगळेच म्हणत होते. काका कधी येणार, म्हणून विचारत होते."

गॅलरीत दुपारचं लख्ख ऊन होतं. बाबा माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिले, पुष्कळ वेळ. मग त्यांनी मान हलवली.

"बरं वाटलं ऐकून," ते म्हणाले.