थोरलीचे तीन नमुने

नमुने निवडायच्या दिवशी आमच्या ब्रूअरीत कुणालाही साबण मिळत नाही. हा आत्याचा नियम. हात नुसत्या गरम पाण्याने धुवायचे, कॉफी प्यायची नाही, केसांना तेल लावायचं नाही. एका वर्षी आतोबा दाढी करून गालाला काहीतरी सुगंधी चोपडून आले, तर आत्याने त्यांना दिवसभर बाटल्यांच्या खोलीत पिटाळलं होतं. मी बारा वर्षं आत्याच्या हाताखाली काम करते आहे, आणि बारा वर्षं या एका दिवशी कॉफीवाचून माझं डोकं फिरलेलं असतं.

पण नियम कशासाठी आहे ते मला ठाऊक आहे. आमची बिअर एकाच हॉपवर, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या वेलीच्या फुलांवर, उभी आहे. हॅलर्टाऊ मिटेलफ्रू ही जुनी जर्मन जात. आत्या तिला ‘थोरली’ म्हणते. थोरलीत कडवटपणा बेताचाच. नव्या जाती मूठभर टाकल्या की टाकीभर बिअर कडू होते, हिला पसापसाने घालावं लागतं. शेतात नाजूक, रोगाला चटकन बळी पडणारी, पीकही कमी. शेतकरी नाक मुरडतात ते काही उगाच नाही.

तरी हिच्यासारखी हीच. माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचं, गोड पाणी उकळायला लागलं की हिची पहिली रास टाकायची. तिचा कडवटपणा पाण्यात उतरतो, वास मात्र उडून जातो. उकळी संपायला दहा मिनिटं उरली की दुसरी रास. ती वासासाठी, आणि ती आत्याशिवाय कुणी टाकत नाही. गवतावर वाळलेल्या चादरीची घडी घालताना येतो तसा वास वाफेतून येतो, थोडा फुलांचा, मागाहून किंचित मिरमिरणारा. त्या वासासाठी मी थोरलीचे आणि आत्याचे सगळे नखरे सोसते.

यंदा आम्हाला हॉप विकणारे गृहस्थ, आमचे नेहमीचे हॉपवाले, सकाळी नऊलाच आले. खिडकीजवळच्या लाकडी टेबलावर त्यांनी तीन पुडकी उघडली. तीन शेतांतली थोरली. यातलं एक निवडायचं आणि वर्षभर तेच वापरायचं. आत्याने पहिल्यातली फुलं उचलली, तळहातांत चोळली, पिवळी पूड हाताला चिकटली तसे हात नाकाशी नेले. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. दुसरं चोळलं. तिसरं चोळलं.

“यात पेपरमिंट आहे,” ती म्हणाली. “तिन्हींत. दुसऱ्या जातीची भेसळ केलीये कुणीतरी.”

हॉपवाल्यांचा चेहरा लाल झाला. “बाई, वीस वर्षं माल देतोय तुम्हाला. मी स्वतः उभा राहून भरून घेतलंय हे.”

“मग तुमच्या डोळ्यांदेखत फसवलं तुम्हाला. उचला. यंदा थोरली नको, दुसरी जात बघू आम्ही.”

आमच्या बिअरमधून थोरली काढली तर उरतं काय? हॉपवाले पहिलं पुडकं पिशवीत घालू लागले. मी घाईघाईने उरलेल्या दोन्हींतली फुलं चोळून पाहिली. वाळलेल्या चादरीचा वास होता, फुलांचा होता. पेपरमिंट कुठेच नव्हतं.

आता आत्याच्या नाकाला खोटं कोण ठरवणार? नुसता ग्लास हुंगून तिने एकदा सांगितलं होतं, की तीन नंबरच्या टाकीचं रबर बदलायला झालंय. तरीही मी तोंड उघडलं.

“आत्या, मला नाही येत पेपरमिंट.”

“नाक चोंदलंय तुझं.” तिने तळहात माझ्या नाकाखाली धरला. “घे. हे काय आहे मग?”

पेपरमिंट होतं. चांगलं झणझणीत. पण ते हॉपचं नव्हतं. सांधेदुखीच्या मलमाचा वास मला कळतो, माझ्या आईच्या गुडघ्यांना मीच लावायचे. आणि मग मला तिची बोटं दिसली. पेरं सुजली होती, करंगळी सरळ होत नव्हती. गेले कित्येक महिने ती टाकीचा नळ स्वतः उघडत नव्हती, मला सांगायची. मला वाटायचं, बाईसाहेब आता नुसत्या हुकूम सोडतात. मी आतोबांकडे कुरकुरही केली होती. मला माझीच लाज वाटली.

गप्प बसले तर एक सरळ माणूस लबाड ठरून जाणार होता, आणि त्याच्यासोबत थोरलीही. बोलले तर परक्यासमोर आत्याची बोटं उघडी पडणार होती. मी दुसऱ्या पुडक्यातली फुलं डाव्या हातात कुस्करली आणि हात पुढे केला.

“माझ्या हातातून घे वास.”

“का म्हणून?”

“घे म्हणते ना!”

असं मी तिच्याशी कधी बोलले नव्हते. ती वाकली. बराच वेळ वाकलेली राहिली. मग तिने स्वतःची बोटं हुंगली, आणि तिचा चेहरा उतरला. खोकून, खाकरून वेळ मारून नेता आली असती. मी तरी नेली असती.

“हॉपवाले,” आत्या म्हणाली, “तुमच्या मालात खोट नाही. माझे हात दुखतात. सकाळी मलम लावलं आणि विसरले. नवऱ्याला ज्यासाठी कोंडलं, तेच मी केलं. माफ करा मला.”

हॉपवाल्यांनी पुडकं पिशवीतून काढून परत टेबलावर ठेवलं. “आधी बोलला असतात तर मीच चोळून दिलं असतं, बाई.”

“तुमच्या हाताला तंबाखूचा वास येतो,” आत्या म्हणाली. तेव्हा कुठे आम्ही तिघंही हसलो.

मग मी चोळत गेले आणि ती हुंगत गेली. “दुसरा नमुना,” ती म्हणाली, आणि थांबून मला विचारलं, “तुला कुठला वाटतो?” बारा वर्षांत पहिल्यांदाच विचारलं.

“तिसरा. दुसऱ्यात गवत जास्त आहे.”

तिने माझी दोन्ही मनगटं धरली, एकदा डाव्या हातातला दुसरा हुंगला, एकदा उजव्यातला तिसरा. तिच्या बोटांत जोर नव्हता, हे मला तेव्हा नीट कळलं.

“तिसरा,” ती हॉपवाल्यांना म्हणाली.

पुढच्या आठवड्यात त्या मालाची पहिली बिअर शिजली. दहा मिनिटं उरली तेव्हा आत्या दुसऱ्या राशीची बादली घेऊन पुढे झाली नाही. हात एप्रनच्या खिशात घालून उभी राहिली.

“टाक,” ती म्हणाली.

मी टाकली. वाफ उसळून वर आली, तशी ती सवयीने पुढे वाकली. पण टाकीचा वास तिने घेतलाच नाही. माझा हात खेचून घेतला आणि त्याला लागलेली थोरली आधी हुंगली.