ओजस्विनीचा अंगठा आणि मी

मित्रांनो, मला उजेडात तिरके धरलेत तर माझ्या चकाकत्या अंगावर एक लांब चरा दिसेल. तो कडेपासून थेट आतपर्यंत गेला आहे. मी व्हिडिओ गेमची डिस्क आहे, आणि आता मी चालत नाही. चालत होते तेव्हा मात्र चंदीगडच्या सेक्टर बावीसमधल्या एका घरात माझ्यासाठी रोज संध्याकाळी भांडणे होत.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. पातळ प्लॅस्टिकवर ठसा उमटवून, वर चांदीसारखा थर देऊन मला घडवले. माझ्या पोटात एक अख्खे राज्य भरले होते. दिवा सांभाळणारी एक मुलगी आणि तिचा मित्र असलेला दगडी राक्षस यांच्यावर आधी चित्रपट निघाले, एकामागून एक. मुलांना ते फार आवडले म्हणून त्यांचा खेळ झाला, तो मी. माझ्यात कुणी मरत नाही. हरलेला शत्रू पारवा होऊन उडून जातो. मुलीजवळ दिवा असतो, तिला वाट दिसते. राक्षसाला अंधारात काही दिसत नाही, पण दरवाजे तोच उचलू शकतो. म्हणून मला खेळायला दोघे लागतात.

माझा पहिला मालक यतीन मोहालीच्या एका आयटी कंपनीत होता. नोकरी बदलून तो पुण्याला निघाला तेव्हा सामान आवरताना मी त्याच्या हाताला लागले. त्याने मला आपल्या सहकाऱ्याला, हेरंबला देऊन टाकले. "तुझ्या मुलींना दे. मला जोडीदारच मिळाला नाही," तो म्हणाला.

हेरंब मिरजेचा, त्याची बायको गिरिजा चिपळूणची. ती इथल्या विद्यापीठात शिकवते. त्यांच्या दोन मुली, अकरा वर्षांची ओजस्विनी आणि सात वर्षांची वल्लरी. आई-बाबा मराठीत बोलत, मुली हिंदीत उत्तर देत. ओजस्विनी दिव्याची मुलगी व्हायची आणि वल्लरी राक्षस. ओजस्विनीचा उजवा अंगठा कंट्रोलरच्या बटणांवर असा चाले, की दिवा कधी विझायचाच नाही. "दीदी, रुक ना," वल्लरी मागून ओरडायची. दीदी थांबायची, पण कुरकुरत. त्या दोघी शेवटच्या दरवाजापर्यंत पोहोचल्या होत्या.

तेवढ्यात वसंत पंचमी आली. चंदीगडच्या आकाशात त्या दिवसांत पतंगच पतंग असतात. ओजस्विनी मला दप्तरात घालून मैत्रिणीकडे घेऊन गेली होती आणि दुपारी हेरंब तिला स्कूटरवरून परत आणत होता. मी दप्तरात होते, म्हणून मला फक्त ऐकू आले. बाकीचे नंतर घरातल्या बोलण्यातून कळले.

आधी हेरंबचा आवाज आला. "हे काय आडवं आलं?" तुटलेल्या पतंगाचा मांजा रस्त्यावर लोंबत होता आणि तो त्याच्या हेल्मेटखाली गळ्याशी अडकत होता. तो सुती मांजा नव्हता. चायना डोर म्हणतात ती, प्लॅस्टिकची, तुटता न तुटणारी. विकायला बंदी असूनही ती विकली जाते. ओजस्विनीने मागून हात घालून ती धरली आणि बाबांच्या गळ्यापासून दूर ओढली. स्कूटर अजून पुरती थांबली नव्हती. डोर तिच्या मुठीतून सरकली.

ती ओरडली नाही. "पापा, खून आ रहा है," एवढेच म्हणाली.

हेरंबच्या गळ्यावर एक लाल रेघ उमटली, तेवढीच. ओजस्विनीच्या अंगठ्याच्या मुळाशी मात्र डोर खोल गेली होती. अंगठा वाकवणारी आतली दोरी, जिला कंडरा म्हणतात, ती तुटली होती. मोठ्या सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. कंडरा धाग्याने जोडली, हातावर आधाराची पट्टी बसवली.

घरी आल्यावर हेरंबने स्कूटर झाकून ठेवली आणि पुन्हा बाहेर काढली नाही. गिरिजाने मला कपाटावर ठेवले. रुग्णालयातल्या फिजिओथेरपिस्ट सरोजजींनी सगळ्यांना एकत्र बसवून बजावले होते, ते गिरिजा मुलींना पुन्हा पुन्हा सांगायची.

"आत अजून नुसता धागा आहे, ओजू. दुसऱ्या हाताने अंगठा हळूच वाकवायचा, जसा त्यांनी दाखवलाय तसा. स्वतःच्या जोरावर नाही. जोर लावलास तर धागा तुटेल. आणि वल्ली, तू दीदीच्या हाताला ओढायचं नाहीस. काहीही झालं तरी नाही."

"पक्का," वल्लरी म्हणाली.

मित्रांनो, कपाटावर धूळ खात पडणे आम्हा वस्तूंना आवडत नाही. पण त्या दिवसांत मला कुणी खाली काढू नये, असे मला मनापासून वाटत होते. कारण ओजस्विनी दिवसातून अनेकदा वर, माझ्याकडे पाहायची. तिने एक गोष्ट ऐकली होती. डॉक्टर बाबांना बाजूला घेऊन म्हणाले होते की अंगठा पूर्वीसारखा वाकेलच असे आज सांगता येणार नाही. ते वाक्य ती कुणाजवळ बोलली नाही. ती पट्टीकडे बघत बसे.

काही आठवडे गेले. एका दुपारी गिरिजा विद्यापीठात होती. हेरंब आतल्या खोलीत दार लावून, कानांवर हेडफोन घालून ऑफिसच्या मीटिंगमध्ये होता. ओजस्विनी खुर्चीवर चढली आणि तिने डाव्या हाताने मला खाली काढले.

वल्लरी जमिनीवर चित्र रंगवत होती. "दीदी, मम्मी ने मना किया है."

"तू चुप बैठ."

तिने मला टीव्हीखालच्या गेमच्या मशीनमध्ये घातले. मी फिरू लागले. पडद्यावर शेवटचा दरवाजा आला, त्याच्यापुढे दिवा धरलेली मुलगी उभी. मग ओजस्विनीने दातांनी पट्टीचा बंद सोडवला. बंद सुटल्याचा खरखर आवाज झाला. तिचा बारीक झालेला, पांढरा पडलेला हात बाहेर आला आणि तिने कंट्रोलर धरला.

"बस एक बार देखना है," ती म्हणाली. "मुड़ता है कि नहीं."

वल्लरी उठून आतल्या दारावर थापा मारू लागली. "पापा. पापा." आत हेरंबचा आवाज चालूच होता, तो कुणाला तरी इंग्रजीत काही समजावत होता. ती परत आली. तिने टीव्ही बंद केला. ओजस्विनीने तो डाव्या हाताने पुन्हा लावला. कंट्रोलर हिसकावायला वल्लरीचा हात पुढे झाला आणि मधेच थांबला, कारण दीदीच्या हाताला ओढायचे नव्हते.

ओजस्विनीने बटण दाबले. पडद्यावरचा दिवा एकदा मोठा झाला. तिचा चेहरा आक्रसला. तरी तिचा अंगठा पुन्हा बटणावर गेला.

मी फिरत होते. थांबणे माझ्या हाती नव्हते. ज्या खेळासाठी मला घडवले, तो खेळ त्या क्षणी बंद पडावा, एवढीच माझी इच्छा होती.

वल्लरीने मशीनचे बटण दाबले. मी बाहेर आले. तिने मला उचलले आणि बाल्कनीकडे धावली.

"इधर दे," ओजस्विनी मागे आली. चिडून तिने उजवाच हात पुढे केला, तोच उघडा हात, बोटे पसरून. आणखी एक पाऊल, की तिने मला मुठीत पकडले असते आणि वल्लरीने सोडले नसते तर ओढले असते.

वल्लरीने मला बाल्कनीतून खाली फेकले.

मी मागच्या गल्लीत पडले, कडेवर आपटले, घसरत गेले. एका सायकलचे चाक माझ्यावरून गेले. वरून ओजस्विनीचे रडणे ऐकू आले, आणि त्या रडण्याने का होईना, आतले दार उघडले.

वल्लरी जिना उतरून आली, मला उचलून स्वेटरखाली धरले आणि पुन्हा धावत वर गेली. हेरंब ओजस्विनीसमोर गुडघ्यांवर बसला होता.

"किती वेळा दाबलंस, ओजू?"

"एक बार. पापा, अंदर कुछ खिंचा."

हेरंबने पट्टी पुन्हा बांधली, गिरिजाला फोन केला आणि दोघींना घेऊन खाली रिक्षा पकडली. मध्य मार्ग या हमरस्त्यावर गाड्यांची रांग लागली होती. रिक्षा तसूतसूने पुढे जात होती. ओजस्विनी अंगठ्याकडे बघत नव्हती, बाहेर बघत होती. वल्लरीच्या स्वेटरच्या फटीतून मला एवढेच दिसत होते.

रुग्णालयाच्या दारात गिरिजा आधीच येऊन उभी होती. ती सगळ्यांना थेट सरोजजींकडे घेऊन गेली. सरोजजींनी ओजस्विनीला टेबलाजवळ बसवले, पट्टी काढली आणि हात उशीवर ठेवला.

"बेटा, तू कुछ मत कर. हाथ ढीला छोड़ दे."

त्यांनी मनगटाच्या वरचा भाग आपल्या बोटांनी दाबला. कंडरा शाबूत असेल तर तिथे दाबल्यावर अंगठ्याचे टोक आपोआप थोडे हलते. टोक हलले नाही. सरोजजींनी जागा जराशी बदलली. त्यांनी पुन्हा दाबले.

अंगठ्याचे टोक किंचित आत आले. अगदी किंचित.

"है," सरोजजी म्हणाल्या. "टूटा नहीं है." गिरिजाने ओढणीत तोंड लपवले.

मग सरोजजींनी विचारले की हिला थांबवले कुणी. वल्लरीने स्वेटरखालून मला काढले आणि टेबलावर ठेवले. गिरिजाने माझ्याकडे पाहिले. "अगं, फेकलीस कशाला?"

"वो रुक ही नहीं रही थी," वल्लरी म्हणाली. मग तिला इतका वेळ दाबून ठेवलेले रडू फुटले.

मला दुरुस्त करायचे प्रयत्न झाले. हेरंबने मऊ कापडाने पुसले, बाजारातल्या दुकानदाराने चरे काढायच्या यंत्रावर घासले. मी थोडी फिरायचे आणि घरघरून थांबायचे. शेवटच्या दरवाजापलीकडे काय आहे, ते त्या मुलींना कधीच दिसले नाही. ओजस्विनी याबद्दल बरेच दिवस रागावली होती. वल्लरीशी ती कामापुरते बोलायची. त्या घरात तेव्हा जेवतानाही फक्त ताट-वाट्यांचा आवाज येई.

यथावकाश पट्टी सुटली. सरोजजींनी आता स्वतःच्या जोरावर अंगठा हलवायला परवानगी दिली, आणि गंमत अशी, की आता ओजस्विनीच घाबरू लागली. चमचासुद्धा ती डाव्या हाताने धरायची. सरोजजींनी सांगितले की न हलवल्यानेही अंगठा आखडून बसेल. गिरिजाने समजावले, हेरंबने विनवले. ती मान हलवायची आणि हात खिशात घालायची.

एका सकाळी शाळेची व्हॅन खाली येऊन हॉर्न वाजवत होती. वल्लरीच्या गणवेशाचे वरचे बटण लागत नव्हते. आई डबे भरत होती. ओजस्विनी तिच्यासमोर बसली आणि डाव्या हाताने प्रयत्न करू लागली. एका हाताने बटण लागेना. तिने उजवा हात खिशातून काढला.

अंगठा बटणावर आला आणि घसरला. पुन्हा आला. हॉर्न वाजला. वल्लरी हलली नाही, श्वासही जपून घेत होती. तिसऱ्यांदा अंगठा वाकला, पुरता नाही, पण वाकला, आणि बटण काजातून पलीकडे गेले.

"व्हॅन जाएगी," ओजस्विनी म्हणाली. "भाग."

"दीदी, नीचे वाला भी," वल्लरी म्हणाली.

ओजस्विनीने तेही लावले.

मित्रांनो, तो अंगठा आजही पूर्ण वाकत नाही. पण त्याने ती लिहिते, चित्र काढते, वल्लरीची वेणीही घालते. मी आता त्यांच्या पुस्तकांच्या फळीवर असते आणि मला कुणी मशीनमध्ये घालत नाही. त्याचे मला वाईट वाटते, खोटे कशाला सांगू. तुम्ही पतंग जरूर उडवा, पण साध्या सुती दोऱ्यावर. रस्त्यात लोंबणारा मांजा दिसला तर स्वतः ओढू नका, मोठ्यांना सांगा. आणि घरातले धाकटे कुणी कळवळून "थांब" म्हणत असेल, तर एकदा थांबा. आम्हाला जपून वापरा, असे आम्ही वस्तू नेहमीच सांगतो. मी एवढेच म्हणेन, की आधी एकमेकांचे हात जपा. आमचे काय, आम्ही फळीवरही राहतो.